शरीर दिवसाला किती जाळतं?

रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायवाटेला आतकरवाडीपासूनच गर्दी असते. वर पोहोचलेल्यांचा क्रमही ठरलेला: आधी मनगटावरच्या घड्याळावर नजर, मग पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. घड्याळ म्हणतं, नऊशे कॅलरी गेल्या. मग भज्यांची आणखी एक प्लेट मागवायला हरकत कसली?

हा आकडा पडताळायला दुसरं घड्याळ लागत नाही, शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. पायथ्यापासून गडापर्यंतची उभी चढण जवळपास ६०० मीटर. ७० किलोच्या माणसाने स्वतःला तेवढं वर न्यायचं, तर काम होतं सुमारे ४ लाख १२ हजार ज्यूल, म्हणजे जेमतेम ९८ किलोकॅलरी. (रोजच्या बोलण्यातली ‘कॅलरी’ ही खरी किलोकॅलरी असते, एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागते तेवढी उष्णता.) पण स्नायू जाळतात त्यातला पाचवा ते चौथा हिस्साच प्रत्यक्ष कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणून तर चढताना घामाच्या धारा लागतात. तेव्हा चढणीचा खरा खर्च ४०० ते ५००. त्यात पायवाटेवर पुढे सरकण्याचे शंभरेक मिळवायचे आणि त्या सव्वा तासात शरीराने नुसतं जिवंत राहण्यासाठी जाळलेले नव्वदेक. बेरीज सहाशेच्या आसपास. शेवटचे नव्वद तर तो गडी घरी सोफ्यावर लोळत पडला असता तरी गेलेच असते. गड चढल्यामुळे वरकड गेले ते पाचशे-साडेपाचशे. नऊशे नव्हेत.

आणि गड चढणं हा तरी डोळ्यांना दिसणारा, मोजता येण्याजोगा खर्च. चोवीस तासांच्या हिशेबातला मोठा वाटा कुणाला दिसत नाही, जाणवतही नाही. तो मोजायचा कसा, याच्या मागे माणसं दोनशेहून अधिक वर्षं लागलेली आहेत.

पॅरिसमध्ये १७८२-८३ च्या हिवाळ्यात आंत्वान लाव्हाझिए आणि पिएर-सिमाँ लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते तोललं आणि त्याच्या श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला त्याच्याशी ताडून पाहिलं. निष्कर्ष असा, की श्वसन म्हणजे मंद गतीचं ज्वलन. कोळसा जळतो तसंच अन्न जळतं, फक्त ज्वाळा दिसत नाही. पुढे राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ मध्ये, लाव्हाझिएचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. पण मार्ग त्याने दाखवून ठेवला होता. बाहेर पडणारी उष्णता मोजा, नाहीतर आत जाणारा ऑक्सिजन मोजा. दोन्हींचं उत्तर एकच यायला हवं.

माणसाच्या बाबतीत ते खरंच एक येतं का, हे पाहायला एक अख्खी खोली बांधावी लागली. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात मिडलटाउन इथे वेस्लियन विद्यापीठ आहे. तिथल्या ‘जड’ (Judd) हॉलच्या तळघरात १८९० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर आणि भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा यांनी ती उभारली. खोली कसली, पेटीच ती: लांबी सुमारे सात फूट, रुंदी चार, उंची साडेसहा. आतली भिंत तांब्याची, बाहेरची जस्ताची. दोन्ही भिंतींचं तापमान सतत सारखं राखायचं, म्हणजे उष्णता भिंतीतून गळायला वाव नाही. आत घडीची खाट, घडीची खुर्ची-टेबल आणि जागच्या जागी पायडल मारायची सायकल. छताजवळून गार पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या. पाणी आत जाताना किती गार आणि बाहेर येताना किती कोमट, यावरून माणसाने किती उष्णता सोडली ते कळायचं. जेवण एका छोट्या दुहेरी झडपेतून आत जाई. शरीरातून बाहेर पडलेलं सगळं त्याच वाटेने बाहेर येई आणि काट्यावर चढे. सोडलेल्या श्वासाचं पृथक्करण चाललेलंच असे. काही दिवस हे दिव्य सोसणाऱ्या स्वयंसेवकांचं कौतुकच करायला हवं.

आत गेलेल्या अन्नाची ऊर्जा आणि बाहेर पडलेली ऊर्जा यांचा ताळा एका टक्क्याच्या आत जमला. माणूसही ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाला अपवाद नाही, हे त्या पेटीने सिद्ध केलं. बिस्किटाच्या पुड्यामागे आज जे कॅलरीचे आकडे छापलेले दिसतात, त्यांचं मूळ ॲटवॉटरच्याच कामात आहे: एक ग्रॅम प्रथिनाला ४, एक ग्रॅम कर्बोदकाला ४, एक ग्रॅम स्निग्धाला ९. हे गुणक सरासरीचे आहेत आणि काही पदार्थांपुढे ते फसतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये बदाम खाणाऱ्यांची विष्ठा तपासली, तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून शरीराला सुमारे १७० नव्हे, १२९ च किलोकॅलरी मिळतात असं आढळलं. चावूनही न फुटलेल्या पेशींतलं तेल तसंच बाहेर पडत होतं. म्हणजे हिशेबाची जमेची बाजूही वाटते तेवढी पक्की नाही.

उष्णता मोजायला खोली लागते, ऑक्सिजन मोजायला मात्र मुखवटा आणि पिशवी पुरते. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की जवळपास ५ किलोकॅलरी जळतात, मग जळणारं इंधन भात असो वा तूप. फरक पडतो तो किरकोळ. या सोयीमुळे शेकडो लोकांचा बीएमआर, म्हणजे उपाशीपोटी, जागं पण निश्चल पडून असताना होणारा ऊर्जाखर्च, मोजता आला. बॉस्टनमधल्या कार्नेगी संस्थेच्या पोषण प्रयोगशाळेतले फ्रान्सिस बेनेडिक्ट आणि संख्याशास्त्राकडे वळलेले जे. आर्थर हॅरिस यांनी १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांच्या मोजणीवरून १९१९ मध्ये सूत्र बसवलं. वय, उंची, वजन, लिंग एवढंच सांगा आणि मोजणी न करता बीएमआरचा अंदाज घ्या. मोबाइलवरचं ॲप आज हेच चार प्रश्न विचारतं. मधल्या शंभर वर्षांत प्रश्न बदललेले नाहीत, गुणक तेवढे बदलले.

सध्या जास्त वापरात असलेलं सूत्र मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं, १९९० चं, अमेरिकेतल्या ४९८ निरोगी लोकांवरून काढलेलं. ते पाठ करण्याइतकं सोपं आहे. किलोतल्या वजनाची दहापट घ्या, सेंटिमीटरमधल्या उंचीची सव्वासहापट तिच्यात मिळवा, वयाची पाचपट वजा करा. पुरुष असेल तर ५ मिळवा, स्त्री असेल तर १६१ वजा करा.

समजा, पुण्यातल्या एखाद्या बँकेत काम करणाऱ्या बाई आहेत. वय ४५, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. या सूत्राने त्यांचा बीएमआर निघतो १२२२. हॅरिस-बेनेडिक्टच्या सूत्राने १३३०. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८५ च्या अहवालाने ज्याचा आधार घेतला त्या स्कोफिल्डच्या सूत्राने १३४९. बाई त्याच, दिवस तोच, आणि उत्तरांत सव्वाशेहून जास्त किलोकॅलरींचं अंतर.

स्कोफिल्डचं सूत्र चढा आकडा देतं, त्यामागे गंमतशीर कारण आहे. त्याच्या आधारसामग्रीतल्या जवळपास निम्म्या नोंदी इटलीतल्या लोकांच्या होत्या, त्यातही लष्करी शिक्षणार्थी आणि अंगमेहनतीचे मजूर बरेच. त्यांच्या बीएमआरची पट्टी साऱ्या जगाला लावली गेली. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात प्रकाश शेट्टी, मारिओ सोअरेस प्रभृतींनी भारतीयांची प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा ही पट्टी भारतीयांना ढगळ होते हे दिसून आलं.

असं का व्हावं, याचं एक उत्तर पुण्यातल्याच एका छायाचित्रात आहे. केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक कळत नाही, म्हणून वजनावर चालणाऱ्या सूत्रालाही कळत नाही. पण ऊर्जेच्या दृष्टीने तो मोठा आहे, कारण अंगातला प्रत्येक किलो सारखा खर्चिक नसतो. एक किलो चरबी दिवसाला साडेचार किलोकॅलरी जाळते. विश्रांतीतला एक किलो स्नायू १३. एक किलो यकृत २००, मेंदू २४०, हृदय आणि मूत्रपिंडं किलोमागे ४४० च्या घरात. वजनाच्या मानाने पाच-सहा टक्केही न भरणारे हे चार अवयव बीएमआरचा निम्म्याहून जास्त भाग खाऊन टाकतात.

जिममध्ये सर्रास ऐकू येणारं एक वाक्य इथे तपासून घेता येतं: स्नायू वाढवा, मग झोपेतही चरबी जळेल. महिनोन् महिने घाम गाळून पाच किलो स्नायू चढवले, तर विश्रांतीतला खर्च वाढतो दिवसाला सुमारे ६५ किलोकॅलरींनी. म्हणजे अर्धा मोठा चमचा तेल. स्नायू कमवायला दुसरी कारणं भरपूर आहेत, हे त्यांतलं नव्हे.

बीएमआरचा अंदाज शे-सव्वाशेने चुकला तरी निभावतं. खरी पंचाईत पुढच्या पायरीवर होते. ॲप विचारतं: तुमची हालचाल किती? बैठी, हलकी, मध्यम की भरपूर? आपल्या बँकेतल्या बाईंनी ‘हलकी’ निवडलं तर १२२२ ला १.३७५ ने गुणलं जातं आणि १६८० येतात. ‘मध्यम’ निवडलं तर १.५५ ने गुणून १८९४. त्या रोज संध्याकाळी अर्धा तास चालतात, घरचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच आहे, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही. मग हलकी की मध्यम? बोट कुठेही टेकवलं तरी चालण्यासारखं आहे, आणि दोन उत्तरांत एका भाकरीचं अंतर आहे. पहिल्या पायरीवर १२२२ असा एकेरी आकड्यापर्यंत नेमका हिशेब करायचा आणि दुसरीवर डोळे मिटून गुणक निवडायचा, हा सगळा प्रकारच थोडा विनोदी आहे.

हालचालीतलाही मोठा भाग व्यायामाचा नसतो. बसल्या जागी पाय हलवणं, उभं राहून फोनवर बोलणं, कामाच्या नादात घरभर येरझाऱ्या घालणं यांची बेरीज काय भरते, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हाइन यांनी १९९९ मध्ये दाखवलं. १६ जणांना त्यांनी आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० किलोकॅलरी जास्त खाऊ घातलं. सगळ्यांना जादा अन्न सारखंच. पण चरबी वाढली ती कुणाची ३६० ग्रॅम, तर कुणाची सव्वाचार किलो. काहींच्या शरीरांनी नकळत चुळबुळ वाढवून जादा अन्न उडवून टाकलं होतं. एकाने तर रोजचे सातशेच्या जवळपास. ‘काहीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही’ असं ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्यांच्यातले काही हेच असणार.

खाणं आणि कष्ट यांचं नातं सरळ रेषेतलं नसतं, हे तर त्याच्याही आधी आपल्याकडेच नोंदलं गेलं होतं. ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या २१३ पुरुषांचं खाणं, वजन आणि काम यांचा अभ्यास १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिवसभर गल्ल्यावर बसणारे दुकानदार होते, कारकून होते, आणि कोळसा उपसणारे, गठ्ठे वाहणारे हमालही. कष्ट वाढले तसं खाणं वाढलं, हे अपेक्षितच. पण कष्टांची उतरंड उतरत अगदी बैठ्या लोकांपर्यंत आल्यावर खाणं आणखी घटायला हवं होतं, ते उलट वाढलेलं निघालं आणि वजनंही. एका मर्यादेखाली हालचाल गेली की भुकेला खर्चाचा अंदाज लागेनासा होतो, असा मेयर यांचा तर्क होता.

पेटीत कोंडलेला माणूस त्याचं नेहमीचं आयुष्य जगत नसतो. मुखवटा लावून भाजी आणायलाही कुणी जात नाही. मग मोकळ्या माणसाचा खर्च मोजायचा कसा? या कोड्याची उकल मिनेसोटा विद्यापीठातल्या नेथन लिफसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर उंदरांवर काम करताना केली, आणि ती इतकी चतुर आहे की थोडं थांबून पाहण्याजोगी आहे. माणसाला एक पेलाभर खास पाणी प्यायला द्यायचं. त्यातला हायड्रोजनही नेहमीपेक्षा जड आणि ऑक्सिजनही जड. दोन्ही किरणोत्सारी नाहीत, निरुपद्रवी आहेत. हे पाणी अंगातल्या पाण्यात मिसळून जातं. जड हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो पाण्यावाटेच: लघवी, घाम, श्वासातली वाफ. जड ऑक्सिजन मात्र पाण्यावाटेही जातो आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. म्हणून तो जास्त वेगाने कमी होतो. एक-दोन आठवडे अधूनमधून लघवीचे नमुने घ्यायचे आणि दोघांच्या घटण्याच्या वेगातला फरक काढायचा. तो फरक म्हणजेच बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावरून जळलेली ऊर्जा. माणूस मधल्या काळात कामावर जातो, भांडतो, लग्नाच्या पंगतीत जेवतो; मोजणी आपली चालूच. जड ऑक्सिजन महाग असल्याने उंदरांवरून माणसांवर यायला १९८२ साल उजाडलं. ते काम डेल शेलर यांनी केलं. आजही ऊर्जाखर्चाच्या बाबतीत शेवटचा शब्द याच पद्धतीचा मानतात.

या पाण्याने काही पक्के समज धुऊन काढले. टांझानियाच्या उत्तर भागात हाड्झा लोक राहतात. शिकार करायची, कंद खणायचे, मध काढायचा अशी त्यांची राहणी. पुरुष दिवसाला सरासरी ११ किलोमीटर चालतात. हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा खर्च मोजून २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. शरीराच्या आकारमानाचा फरक वजा केल्यावर तो अमेरिका-युरोपातल्या बैठ्या लोकांइतकाच भरला. पॉन्ट्झर यांचं म्हणणं असं, की हालचालीवर खर्च वाढला की शरीर दुसरीकडे हात आखडता घेतं, त्यामुळे एकूण बेरीज ठरावीक पट्ट्यात राहते. शास्त्रज्ञांत यावर अजून वाद आहे. पण सकाळी गड चढून आलेला माणूस दुपारी तीन तास गाढ झोपतो आणि संध्याकाळी दूध आणायलाही धाकट्याला पिटाळतो, हे कोणत्याही घरात पाहायला मिळतं. घड्याळ सकाळचे आकडे दाखवतं, दुपारची वजाबाकी कुणी लिहून ठेवत नाही.

दुसरा समज वयाचा. तिशी उलटली की चयापचय मंदावतं, पोट त्यामुळेच सुटतं, असं म्हणणाऱ्यांची फार सोय होती. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत, २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या याच पद्धतीच्या नोंदी एकत्र करून २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध आला. शरीरातल्या चरबीविरहित वस्तुमानाच्या हिशेबाने सर्वांत जास्त जाळतं ते एक वर्षाचं मूल, प्रौढापेक्षा जवळपास दीडपट. पुढे विसाव्या वर्षापर्यंत हळूहळू उतार. मग विशीपासून साठीपर्यंत आलेख जवळजवळ सपाट. खरी उतरण लागते ती साठीनंतर. चाळिशीतल्या पोटाला दुसरा आरोपी शोधायला हवा.

आतापर्यंतचा सगळा खटाटोप एकेका माणसाच्या खर्चाचा. पण दिवसाला किती कॅलरी लागतात, हा प्रश्न एकेकाळी पुण्यात वेगळ्याच कारणासाठी गाजला होता. देशात गरीब किती, हे त्याच्या उत्तरावर ठरणार होतं. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास मांडला. दरडोई रोज २२५० किलोकॅलरी मिळण्याइतका खर्च ज्यांना परवडत नाही ते गरीब, अशी त्यांनी रेघ ओढली. १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. या रेषेखाली खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक आले. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने गावात २४०० आणि शहरात २१०० हे आकडे घेतले, कारण खेड्यात अंगमेहनत जास्त.

याला आव्हान दिलं ते सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. नामवंत संख्याशास्त्रज्ञ, दोन दशकं रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत काढून निवृत्तीनंतर पुण्याला परतलेले. त्यांचा मुद्दा असा: सरासरी गरज हा उंबरठा होऊच शकत नाही. निरोगी, वजन स्थिर असलेल्या एकाच माणसाचं रोजचं खाणं आणि खर्च आठवड्यागणिक खालीवर होतात, शरीर आपली कार्यक्षमता कमी-जास्त करून तोल सांभाळतं. तेव्हा सरासरीपेक्षा बरंच खाली गेल्याशिवाय कुणाला कुपोषित म्हणू नये. संख्याशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर यातला पहिला अर्धा भाग बिनतोड आहे. सरासरी हीच सीमा मानली, तर व्यवस्थित पोसलेल्या समाजातलीही जवळपास निम्मी माणसं तिच्या खाली सापडतील. पण दुसऱ्या अर्ध्या भागाचे परिणाम मोठे होते. सीमा खाली सरकली की कुपोषितांची संख्या कागदावर झटकन आटते. दांडेकरांना ते मान्य नव्हतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर हा वाद रंगला. त्याच सुमारास डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने पुढची पायरी गाठली आणि खुजी पण निरोगी माणसं अशी कल्पना मांडली. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी तिच्यावर कडाडून टीका केली.

शरीर जुळवून घेतं, हे सुखात्म्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. प्रश्न होता तो त्या जुळवणुकीची किंमत काय, हा. ती आधीच मोजली गेली होती. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, दिवसाला सुमारे १५७० किलोकॅलरींवर. हे सगळे लष्करी सेवेला नैतिक कारणाने नकार दिलेले तरुण होते. त्यांचं वजन पाव हिश्शाने उतरलं आणि बीएमआर जवळपास ४० टक्क्यांनी. हिशेब जुळला खरा, पण कसा? हातपाय कायम गार, उन्हाळ्यातही पांघरूण, जिने चढायचा कंटाळा, कशातही मन नाही, डोक्यात सतत खाण्याचे विचार. शरीराने खर्च वाचवला तो माणसाकडून जगणं काढून घेऊन.

पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आकडेही खाली आले. २०१० च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या ६० किलोच्या पुरुषाला दिवसाला २३२० किलोकॅलरी लागत. २०२० मध्ये संदर्भ पुरुष ६५ किलोचा झाला, म्हणजे पाच किलोंनी वाढला, आणि त्याची गरज उतरून २११० वर आली. ५५ किलोच्या बैठ्या स्त्रीची १९०० वरून १६६०. दहा वर्षांत भारतीयांची शरीरं बदलली नाहीत, मोजणारे शहाणे झाले. मात्र तोच ६५ किलोचा पुरुष जड अंगमेहनत करत असेल तर त्याला ३४७० धरलेत. बैठ्या माणसाच्या दीडपटीहूनही जास्त.

एवढं सगळं झाल्यावर बँकेतल्या बाईंच्या हाती काय लागलं? घड्याळावर फार विसंबता येणार नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत बऱ्या उपकरणाची चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३. जड पाण्याची चाचणी रस्त्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होत नाही. सूत्र १६८० ते १८९४ च्या मध्ये कुठेतरी बोट ठेवतं.

उरतो तो स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि बाथरूममधला. रोज सकाळी, काही खाण्या-पिण्याआधी वजन करायचं, पण एका दिवसाच्या आकड्याला किंमत द्यायची नाही. स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, मीठ आणि मासिक पाळी यांनीही किलोभर इकडेतिकडे होतं. पहिल्या आठवड्याची सरासरी आणि पाचव्या आठवड्याची सरासरी तेवढी ताडायची. मधल्या काळात जे खाल्लं ते प्रामाणिकपणे वहीत लिहायचं. समजा, वहीप्रमाणे रोजचे १७०० झाले आणि २८ दिवसांत वजन ४०० ग्रॅमने उतरलं. अंगातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० किलोकॅलरी. तेव्हा तूट झाली ३०८०, रोजची ११०. म्हणजे खर्च १८१० च्या आसपास.

यावर एक रास्त शंका येते: वही तरी खरी कशावरून? १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात ‘आम्ही १२०० पेक्षा कमीच खातो, तरी वजन हलत नाही’ असं म्हणणाऱ्यांना जड पाणी पाजून पाहिलं. त्यांनी खाणं ४७ टक्के कमी लिहिलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. लबाडी नव्हे, फोडणीचं तेल, चहातली साखर, पोळीवरचं तूप, मुलाच्या ताटात उरलेला भात यांची कोण नोंद ठेवतं? आपल्या बाईही रोजचे दोनशे विसरत असतील, तर त्यांचा खरा खर्च १८१० नसून २०१० असेल. शास्त्रज्ञाला ही चूक चालणार नाही. बाईंना चालेल, कारण पुढच्या महिन्यातही त्या तेच दोनशे विसरणार आहेत. त्यांच्या वहीच्या मापात १८१० हाच आकडा बरोबर आहे. फक्त या प्रयोगासाठी दिवाळीचा महिना निवडू नये.